नापलजारीचं लर्निंग लायसन्स

नापलजारीला गाडी येत नाही असं म्हणणाऱ्याच्या तोंडात माती पडो. बाप गुरांच्या वाड्यावर कुंपणं दुरुस्त करायचा, तेव्हा बाराव्या वर्षी त्याच्या ट्रकचं स्टिअरिंग हिच्या हातात असायचं. पाय पोचत नसत म्हणून बुडाखाली पिठाचा डबा. आज त्रेपन्न वर्षांची झाली, तरी वाळूत गाडी रुतली की वाळवंटातल्या कुन्याजारा गावचे बापये आधी आपापसात अक्कल पाजळतात आणि मग गुपचूप तिच्याच दारी येतात. फुटलेल्या टायरमध्ये गवत ठासून चाळीस किलोमीटर गाडी आणलेली बाई ती. अशा बाईला मंगळवारी सकाळी परीक्षेसाठी गावच्या हॉलमध्ये कानाला यंत्र लावून बसवलं आणि यंत्रानं विचारलं, गोल चौकात आधी कोणी जायचं? अरे बाबा, इथून तीनशे किलोमीटरात चौकच नाही, तर गोल कुठला!

पण बसली. मुकाट बसली, आणि तीस प्रश्नांपैकी अठ्ठावीस बरोबर सोडवले. चुकले ते एक त्या चौकाचा आणि एक लाल-पिवळ्या दिव्याचा. आतेभाऊ जांपिजिंपा, जो गावात पोलिसांचा मदतनीस आहे, तो दारातून म्हणाला, "काय गं, एवढी म्हातारी झालीस आणि आता L ची पाटी लावून फिरणार? तुझ्या शेजारी लायसन्सवाला म्हणून मी बसायचं म्हणजे आधी माझा विमा काढ."

"तू बस शेजारी," ती म्हणाली, "पण तोंड मिटून. नाहीतर वाटेत उतरवीन."

ती हसली खरी, पण परवा, गुरुवारी, कोर्ट होतं. महिन्यातून एकदा न्यायाधीश विमानानं येतात आणि याच हॉलमध्ये बसतात. मागच्या बैठकीत त्यांनी चष्मा काढून सांगितलं होतं, "बाई, बिनलायसन्स गाडी चालवताना तुम्ही दुसऱ्यांदा सापडलात. पुढच्या वेळी हातात शिकाऊ परवाना दिसला तर मी काहीतरी करू शकेन. नाही दिसला तर तीन महिने आत." त्यात मखलाशी नव्हती की दमदाटी नव्हती, त्यामुळेच ते जास्त लागलं होतं.

तीन महिने तुरुंगात कसेही निघतील हो. नापलजारी उपाशी राहिलेली आहे, उघड्यावर निजलेली आहे, तिला कोणी तुरुंगाचं भय दाखवू नये. भय होतं ते शॅन्टेलचं. लेकीची लेक, चार वर्षांची. लेक शहरात कुठे आहे, कशी आहे, विचारू नका, पोर आजीपाशी. आजी आत गेली की मुलांच्या खात्याची पांढरी गाडी येणार आणि पोरीला उचलून शहरात कुणा परक्याच्या घरी ठेवणार. शेजारच्या घरातली दोघं अशीच गेली, "थोडे दिवस" म्हणून. दोन वर्षं झाली. मोठा आता आजीशी फोनवर इंग्रजीत बोलतो आणि म्हातारी नुसती "हो हो" करते. शॅन्टेल अजून नापलजारीच्या पाठीला पोट लावल्याशिवाय झोपत नाही.

तेव्हा अठ्ठावीस प्रश्न बरोबर आल्यावर तिनं निःश्वास टाकला. आता फक्त ओळख पटवायची, फोटो काढायचा आणि कागद घ्यायचा. नंबर लागेपर्यंत सगळे बाहेर बास्केटबॉलच्या मैदानाकडेला चहा पीत बसले होते. लायसन्सच्या गाडीबरोबर आलेली कारकून पोरगी, ब्रॉन्विन तिचं नाव, किनाऱ्याकडची, नव्यानं नोकरीला लागलेली. वागायला चांगली होती, पोरांना बिस्किटं वाटत होती. बाहेरच्यांना ऐकू जावं म्हणून कुणीतरी तिला मैदानाच्या भोंग्याचा माइक दाखवला. तिनं यादी घेतली, घसा साफ केला आणि नापलजारीचं नाव पुकारलं. कागदावरचं, आडनावासकट, खणखणीत.

ते नाव मी इथं लिहिणार नाही. मला या लोकांत राहायचं आहे.

सहा आठवड्यांपूर्वी त्याच नावाची पोर गेली होती. एकोणीस वर्षांची, नापलजारीच्या भावाची मुलगी. आत्यानं अंगाखांद्यावर खेळवली म्हणून आत्याचंच नाव ठेवलेली. इथं गेलेल्याचं नाव घेत नाहीत, कानावरही पडू देत नाहीत. तेच नाव एखाद्या जिवंत माणसाचं असेल तर त्याचंही त्या दिवसापासून बंद. सगळे त्याला कुमंजायी म्हणायला लागतात. पुढे कधीतरी, वर्षा-दोन वर्षांनी, नाव परत मिळतं. नापलजारी हे काही तिचं नाव नव्हे, ते नात्याचं नाव. गावात सात-आठ नापलजारी निघतील. तिचं स्वतःचं असं जे नाव होतं, ते त्या पोरीबरोबर मातीत गेलं होतं.

आणि ते भोंग्यातून सगळ्या गावावर वाजलं.

चहाचे कप तसेच राहिले. म्हाताऱ्यांनी कानांवर हात दाबले. एक जण उठून पाठ फिरवून ताडताड चालायला लागला. गावाच्या पश्चिमेला, फांद्यांच्या मांडवाखाली, गेलेल्या पोरीची आई नाकामारा दुखवट्याला बसलेली. तिकडून बायकांच्या रडण्याचा असा कल्लोळ उठला की कुत्रीसुद्धा बिचकली. आत टेबलाशी बसलेल्या ब्रॉन्विनला वाटलं कोणी ऐकलं नाही. तिनं पुन्हा पुकारलं.

"बंद कर! आधी ते बंद कर!" जांपिजिंपानं धावत जाऊन माइकची वायरच उपटली. "काय केलंस हे पोरी?"

"मी काय केलं? यादीत आहे ते वाचलं!"

त्यानं तिला बाजूला घेऊन समजावलं. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला, डोळे भरले. "मला कोणी सांगितलंच नाही," ती म्हणाली. "मग काय म्हणून बोलवू त्यांना?"

"कुमंजायी म्हण."

ती दारात आली आणि हळूच म्हणाली, "कुमंजायी?" तर चार जण उठले. दोन बायका, एक पोरगा आणि फुटबॉलची जर्सी घातलेला दाढीवाला म्हातारा. वर्षभरात गावानं माणसंच तेवढी घालवली होती. एवढ्या रडारडीतही कुणीतरी फिस्सकन हसलं. म्हातारा म्हणाला, "मला लायसन्स नको, पण चहा आणखी असेल तर सांग." आणि खाली बसला.

नापलजारी टेबलासमोर जाऊन उभी राहिली. ब्रॉन्विननं तिचं ओळखपत्र उचललं. सतरा वर्षांपूर्वीचं, फोटोतली बाई बारीक, काळ्याभोर केसांची. समोरची जाडजूड, आणि केस दुखवट्यात बुडख्यापासून कापलेले. "जन्मतारीख?"

"एक जुलै."

पोरगी ओशाळली. "मावशी, सकाळपासून एक जुलैच्या तुम्ही चौथ्या."

त्यात काय नवल! वाड्यावर जन्मलेल्या पोरांची तारीख कोण लिहून ठेवत होतं? सरकारी माणूस आला आणि त्यानं सगळ्यांना एकच तारीख वाटली. पण पोरीची अडचण तिथंच होती. मागच्या महिन्यात दुसऱ्या एका वस्तीत भलत्यानंच भलत्याच्या नावावर परीक्षा दिली होती, तेव्हापासून वरून हुकूम होता. फोटो जुळत नसेल तर अर्जदारानं स्वतःच्या तोंडानं पूर्ण नाव सांगायचं, नाहीतर ओळखणाऱ्यानं नाव घेऊन साक्ष द्यायची.

"मी देतो साक्ष," जांपिजिंपा म्हणाला. "हीच ती."

"ती म्हणजे कोण? नाव घेऊन सांगायचं आहे, काका."

जांपिजिंपा भांडणात लोखंडी सळया चालत असताना मधे नुसत्या हातानं उभा राहिलेला माणूस. तो आपल्या बुटांकडे बघायला लागला.

"लिहून दिलं तर?" नापलजारीनं विचारलं.

"लिहिलेलं चालत नाही, आणि लिहून तर तुम्ही कुमंजायीच दिलंय," पोरगी म्हणाली आणि अर्ज दाखवला. "मला तुम्हाला द्यायचंय हो लायसन्स! अठ्ठावीस मार्क आहेत तुमचे. पण मी खोटं लिहिलं तर ते कोर्टात टिकणार नाही, आणि तुम्हीच अडकाल." तिनं घड्याळ पाहिलं. "तीन वाजता मला पुढच्या वस्तीला निघायचंय. तोपर्यंत मी इथंच आहे. पुढची फेरी तीन महिन्यांनी."

एक वाजून गेला होता. नापलजारीनं मनाशी म्हटलं, पुटपुटून टाक. एकदाच. कोण ऐकतंय? तिनं तोंड उघडलं, आणि भिंतीकडेला बसलेल्या बायकांनी माना खाली घातल्या. कुणी अडवलं नाही, कुणी डोळे वटारले नाहीत. नुसत्या माना खाली घातल्या. तिनं तोंड परत मिटलं. आणि डोळ्यांपुढे ती पांढरी गाडी, मागच्या काचेला नाक लावलेली शॅन्टेल. तिला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. कुणावर ओरडणार? त्या पोरीवर? मेलेलीवर?

ती वळली आणि उन्हातून पश्चिमेकडे चालायला लागली.

दुखवट्याच्या मांडवाशी असं कोणी थेट जात नाही. ती लांब थांबली, तोंड बाजूला करून खाली बसली. बायकांनी अंगाला पांढरी माती फासलेली. मधे नाकामारा, डोकं भादरलेलं. ज्या आईचं लेकरू जातं ती वर्षभर तोंडानं बोलत नाही, हातांनी बोलते. आणि इथल्या बायकांचे हात असे बोलतात की आपली जीभ मागे पडावी. या दोघी नणंद-भावजया तशा जिवाच्या मैत्रिणी. शिकारीला निघाल्या की घोरपड कुणी पकडली यावरून अख्खी वाट भांडायच्या. सहा आठवड्यांत एकदाही समोरासमोर आल्या नव्हत्या. नापलजारीच येत नव्हती.

नाकामाराचे हात हलले. 'भोंगा ऐकला.'

'ती परकी पोर आहे वहिनी,' नापलजारीनं हातांनी सांगितलं. 'तिला ठाऊक नव्हतं.'

'तू कशाला आलीस?'

नापलजारीनं सांगितलं. कोर्ट, गुरुवार, शॅन्टेल. आणि काय बोलल्याशिवाय कागद मिळणार नाही ते. ते सांगताना तिचे हात अडखळले.

नाकामारानं तिच्याकडे पाठ फिरवली.

आता पाठीशी हातांनी काय बोलणार? मग जे करू नये ते तिनं केलं, तोंडानं बोलली. "वहिनी, मी तुझ्या पाया पडते. मला तुरुंगात घाला, काय वाटेल ते करा. पण पोरीला नेतील गं. ती रात्री कुणाच्या पाठीला चिकटून झोपेल? तिला तिथं कोणी आपल्या भाषेत पाणीसुद्धा विचारणार नाही. मी दुसरं कुणाकडे जाऊ?"

शेवटी नाकामारा वळली. डोळे कोरडे होते. तिचे हात सावकाश चालले, एकेक खूण वेगळी.

'तू थांबलीस.'

'कुठे?' नापलजारीनं खूण केली.

'पाणवठ्यावर. तिच्या छातीत घरघर सुरू झाली तेव्हा डोक्यावर ऊन होतं. तू ऊन उतरेपर्यंत थांबलीस. वेशीवरून पोलिसाची गाडी जायची वाट बघत बसलीस.'

हे कुणाला माहीत नव्हतं. निदान नापलजारीला तसं वाटत होतं. पोरीचं काळीज लहानपणापासून अधू. त्या दिवशी शिकारीच्या जागी ती धापा टाकायला लागली. गाडी होती, चालवणारी होती, लायसन्स नव्हतं. एकदा पकडली गेलेली बाई; पुन्हा सापडली तर शॅन्टेलचं काय, हेच डोक्यात. "जरा कमी होईल, थोडं पाणी पी," म्हणत अडीच तास काढले. शेवटी निघाली, तर पोलीस वेशीवर होताच. त्यानंच पोरीला उचलून दवाखान्यात नेलं, आणि परत येऊन हिच्यावर गुन्हा लिहिला. डॉक्टरांचं विमान आलं, पोरीला शहरात घेऊन गेलं. आठ दिवसांनी पोरीनं तिथल्या इस्पितळात प्राण सोडला.

'तुला कोणी सांगितलं?' नापलजारीनं विचारलं.

'तिनंच. शेवटच्या दिवशी. म्हणाली, आत्याला रागावू नको.'

नापलजारी तिथंच मातीत कोसळली. मग ती जे रडली ते रीतीचं रडणं नव्हतं, दुखवट्याच्या सुराचं नव्हतं. तोंडात माती जात होती तरी तिला भान नव्हतं. "हो," ती म्हणत होती, "थांबले. मी थांबले. मीच थांबले."

नाकामारानं तिला रडू दिलं. जवळ घेतलं नाही. मग पाय जमिनीवर दोनदा आपटून तिला वर बघायला लावलं.

'कागद असता तर थांबली असतीस?'

'नाही. एक क्षण नाही.'

'मग कागद घे.' हात जरा वेळ मांडीवर पडून राहिले, परत उठले. 'मला तुझा राग आहे. तो राहणार. पण शॅन्टेल आहे, माझ्या धाकट्या आहेत, उद्या आणखी कुणाची छाती भरून येईल. कागद घे. फक्त माझ्या कानावर पडता कामा नये. मी ओहोळाच्या पलीकडे जाते, टेकाडाच्या मागे. तिकडून धूर केला की बोल.'

ती उठली. तिच्याबरोबर मांडवातल्या सगळ्या बायका उठल्या. आणि मग ती खबर गावात कशी फिरली ते त्या हातांनाच ठाऊक. एका ओसरीवरून दुसऱ्या ओसरीवर खुणा गेल्या, तिथून दुकानापाशी, तिथून मैदानावर. नापलजारी हॉलपाशी पोचेपर्यंत माणसं निघाली होती. म्हातारीला चाकाच्या खुर्चीतून ढकलत होते, पोरं कडेवर, कुणाच्या हातात अर्धी खाल्लेली भाकरी. जर्सीवाला म्हातारा चहाचा कप घेऊनच निघाला होता. शॅन्टेल नाकामाराच्या धाकटीचा हात धरून उड्या मारत चालली होती. कुणी नापलजारीकडे पाहिलं नाही आणि कुणी तिला दोषही दिला नाही. सगळा गाव कोरड्या ओहोळात उतरला आणि पलीकडे चढला.

ब्रॉन्विन दारात आली. "हे सगळे कुठे चाललेत? माझं काही चुकलं का?"

"तुला एक नाव हवंय ना?" जांपिजिंपा टोपी डोक्यावर ठेवत म्हणाला. "त्यासाठी चाललोत. हिला नीट विचार. एकदाच विचार, आणि दार लावून घे." आणि तोही ओहोळाकडे निघाला.

तीनला वीस मिनिटं होती. हॉलमध्ये पंखा आणि दोघी बायका. खिडकीतून टेकाड दिसत होतं. दहा मिनिटं गेली, बारा गेली. पोरगीनं घड्याळाकडे बघितलं नाही, हे तिचं भलेपण. मग टेकाडामागून धुराची एक रेघ वर चढली.

"बोला मावशी," ब्रॉन्विन हलक्या आवाजात म्हणाली. "पूर्ण नाव."

नापलजारीनं ओठ ओले केले. आता विचार करा, माणूस स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडानं कितीदा घेतो? त्रेपन्न वर्षांत तिला तशी गरजच पडली नव्हती. ते नाव ती बोलली असेल, ऐकवलं असेल, ओरडली असेल, ते एकोणीस वर्षं एकाच पोरीसाठी. भाकरी निखाऱ्यावरून काढली की, दिवस मावळायला लागला की, ओहोळाकडे तोंड करून. तिच्या जिभेला ते नाव घ्यायची दुसरी तऱ्हा माहीतच नव्हती.

तेव्हा ते तसंच बाहेर पडलं. लांबवलेलं, शेवटाला उंच चढवलेलं, जेवायला ये म्हणून मारलेली हाक. रिकाम्या हॉलमध्ये ते भिंतींना लागून परत आलं. आणि नापलजारी सवयीनं दाराकडे बघत उभी राहिली.

ब्रॉन्विननं अक्षरं एकेक करून कार्डाशी ताडून पाहिली. "बरोबर आहे," ती म्हणाली. "ह्या तुम्हीच ना?"

नापलजारी दाराकडेच बघत होती. पोरगीनं पुन्हा विचारलं, "मावशी? या नावाच्या तुम्हीच ना?"

"हो," ती म्हणाली. "आता मी एकटीच."